फ्लोटिंग ब्रिज, काळा, एक नग

पलतडवाडीचा पूल मी खाल्ला, असं आमच्या वाडीत बोललं जातं. खाल्ला म्हणजे काय ते आधीच स्पष्ट करतो, कारण मी हायस्कुलात हेडक्लार्क आहे आणि मोघम भाषा मला खपत नाही. मी एक दमडीही खाल्लेली नाही. मी फक्त एक सही केली आणि एकदा 'होय' दाबलं. तेवढ्याने अकरा वर्षं मागितलेला पूल निकालात निघाला, आणि तोही एका गिटारीपायी.

गिटारही माझी नव्हे. अनुजाच्या, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीच्या, भाच्याची. दीपेश बोटीवर नोकरीला लागला आणि जाताना ती काळीभोर इलेक्ट्रिक गिटार माझ्या गळ्यात बांधून गेला. म्हणाला, "काका, वाजवत रवा, नायतर गंजतली." मी वाजवत राहिलो आणि ती गंजत राहिली.

आता हिची रचना सांगितल्याशिवाय इलाज नाही. साध्या गिटारीच्या तारा खाली ज्या पट्टीवर टेकतात तो ब्रिज लाकडाला घट्ट बसवलेला असतो. कॉलेजच्या ऑर्केस्ट्रात मी वाजवायचो ती तशी होती, सालस. हिचा ब्रिज अधांतरी. दोन खुंट्यांवर नुसता टेकलेला. पुढून सहा तारा त्याला ओढतात, मागून गिटारीच्या पोटातल्या पाच स्प्रिंगा ओढतात आणि ह्या ओढाताणीत तो मध्येच तरंगतो. त्याला एक दांडा असतो. दांडा दाबला की सूर हेलकावतो, आणि सोडला की ब्रिजने मुकाट जागेवर परत यायचं असा करार. आमचा ब्रिज जायचा, पण परत यायचा नाही. शिवाय एक तार चढवावी तर बाकीच्या पाच उतरायच्या. एकत्र कुटुंबात एका सुनेला साडी आणली की बाकीच्यांची तोंडं उतरतात ना, तसं. सहाही जणींना खूश करता करता माझी बोटं सोलवटली.

एरवी मी तिला खुंटीला टांगून मोकळा झालो असतो. पण सातेरीच्या देवळाच्या वर्धापनदिनाला वाडीचा कार्यक्रम असतो, आणि त्या यादीत, ती दरवर्षी करणाऱ्या शेवंती काकींनी परस्पर लिहून टाकलं: 'सौ. अनुजा मयेकर, गाणे. साथ: यजमान.'

अनुजा बावीस वर्षांत गायलेली नाही. का, ते मला ठाऊक आहे. लग्नाआधी कणकवलीला एका स्पर्धेत ती गात होती आणि मी साथीला होतो. घामट हवेत माझी गिटार उतरली. मला ते दुसऱ्याच ओळीला कळलं. परीक्षक नंतर म्हणाले, "गायिकेचा सूर जरा हलला." मी शेजारी उभा होतो. 'नाही साहेब, हलली ती माझी गिटार' एवढंच म्हणायचं होतं. मी काय केलं? मान डोलावली. सहा महिन्यांनी आमचं लग्न झालं, आणि पुढे कुणी गायला सांगितलं की ती म्हणायची, वेळ खंय आसा? मी त्या विषयावर बावीस वर्षं अत्यंत शिस्तीत गप्प आहे.

ह्या वेळी तिने यादी दोनदा वाचली. मग म्हणाली, "गातंय. पण सूर हलता नये." आणि तिने त्या गिटारीकडे असं पाहिलं की मी पेचकस शोधायला उठलो. कार्यक्रमाला पंधरा दिवस होते.

मी अंगणात गिटार उपडी घालून तिच्या पाठीचं झाकण उघडलं. आमच्या वाडीत कुठल्याही गोष्टीचं झाकण उघडलं की पाच मिनिटांत माणसं जमतात. पहिले आले गंगारामतात्या. तात्यांनी उभा जन्म होड्यांची इंजिनं दुरुस्त केली. त्यांच्या मते जगात दोनच प्रकारच्या वस्तू आहेत, इंजिन आणि बिघडलेलं इंजिन.

"स्प्रिंगो गंजलेत रे," ते म्हणाले. "थांब, माझ्याकडे एक आसा."

त्यांनी घरून होडीच्या इंजिनातली स्प्रिंग आणली. माझ्या करंगळीएवढी जाड. मी म्हटलं, "तात्या, ही जरा दांडगी वाटते." तात्या म्हणाले, "समुद्रात चलता ती अंगणात चलाची नाय?"  दोघांनी मिळून, पाय गिटारीला लावून, ती स्प्रिंग अडकवली. ब्रिज मागच्या मागे खड्ड्यात गेला, सगळ्यात बारीक तार 'टण्' करून तुटली आणि तिचं टोक माझ्या नाकाच्या शेंड्यावर बसलं. रक्ताचा थेंब आला.

"बघ," तात्या समाधानाने म्हणाले, "ताकद इली!"

नाकाला हळद लावून बसलो होतो तोच शेवंती काकी आल्या. त्या महिला मंडळाच्या अध्यक्ष आणि वाडीच्या दृष्ट-विभागाच्या तहहयात प्रमुख. त्यांनी रोग एका नजरेत ओळखला.

"दिष्ट लागली रे तिका, जितू."

"काकी, ती काळी आहे. काळ्याला दृष्ट लागत नाही."

"तुका कोणी सांगल्यान? काळ्याकच आधी लागता."

त्यांनी मूठभर खडेमीठ आणि सात मिरच्या घेऊन गिटारीवरून ओवाळल्या. झाकण उघडंच होतं. ओवाळताना निम्मं मीठ गिटारीच्या पोटात गेलं. काकी म्हणाल्या, जाऊ दे, आतून पण उतरेल. चार दिवसांनी तात्यांची स्प्रिंग काढून आतल्या जुन्यांवरच भागवावं म्हणून पाहतो, तर जुन्या स्प्रिंगांना असा लाल गंज चढलेला की हात लावताच पूड पडली. दृष्ट उतरली की नाही ते देवाला ठाऊक, स्प्रिंगा मात्र उतरल्या.

शेवटी कणकवली गाठली. तिथे हार्मोनियम-तबल्यांचं एक दुकान आहे. दुकानदाराने बॅटरी मारून आत पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"ब्रिज खुंटीवर टेकतो ना, तिथली कड झिजलीय. म्हणून तो जागेवर येत नाही. स्प्रिंगा तर संपल्याच. साहेब, ह्यात मीठ कुणी घातलं?"

"आम्ही समुद्रकाठी राहतो," मी म्हटलं.

"समुद्र खडेमीठ वापरत नाही," तो म्हणाला. माझी मान खाली गेली. त्याने तुटलेली तार घातली, चार जुन्या स्प्रिंगा तात्पुरत्या बसवून दिल्या आणि सांगितलं, अख्खा ब्रिजच बदला, ऑनलाइन मागवा.

मी मोबाईलवर मागवला. आता इथे नीट लक्ष द्या, कारण सगळं रामायण इथून सुरू होतं. आमची वाडी व्हाळापलीकडे, म्हणजे ओढ्यापलीकडे आहे. व्हाळावर माडाचे दोन सोट टाकून साकव करतात, तो दर पावसात वाहून जातो आणि मग शाळेची पोरं, बाळंतिणी, गुरं, सगळ्यांना तीन किलोमीटरचा वळसा पडतो. म्हणून अकरा वर्षांपूर्वी 'पलतडवाडी साकव कृती समिती' स्थापन झाली आणि अक्षर चांगलं म्हणून मला सचिव केलं. मी आजवर त्रेचाळीस अर्ज केले. एकाही अर्जात ऱ्हस्वदीर्घाची चूक नाही. मागे समितीचा रबरी शिक्का मी ऑनलाइन मागवला होता, तेव्हा पत्ता घातला होता: सचिव, साकव कृती समिती, द्वारा ग्रामपंचायत. मोबाईलने तो पत्ता जपून ठेवला. नको तिथे निष्ठा, दुसरं काय!

मागवल्यापासून सहाव्या दिवशी ग्रामपंचायतीतून प्राजक्ताचा फोन आला. प्राजक्ता तिथे कॉम्प्युटरवर असते, माझ्याच हायस्कूलची विद्यार्थिनी. "सर, समितीच्या नावाने पार्सल आलंय. आवक रजिस्टरला नोंदवू का?"

मला तिचा अभिमान वाटला. मी म्हटलं, "कार्यालयाच्या पत्त्यावर कागद येवो की खोका, नोंद झालीच पाहिजे." हे वाक्य मी तिला आठवीपासून ऐकवत आलो आहे. तिने खोक्यावरचं लेबल वाचून सुंदर अक्षरात लिहिलं: 'फ्लोटिंग ब्रिज, काळा, एक नग. प्राप्त.' पुढे मी सही ठोकली. वर समितीचा शिक्काही मारला, कारण तो हाताशी होता.

आता प्राजक्ताची चूक म्हणावी तर तीही नाही. त्याच दुपारी वरून प्रलंबित मागण्यांची माहिती मागवली होती. 'पलतडवाडी पूल, सद्यस्थिती' ह्या रकान्यासाठी तिने रजिस्टर उघडलं, तर पूल प्राप्त! हल्ली किनाऱ्यावर तरंगत्या जेट्या येतातच, तशातला असेल, नग म्हणून आला असेल, असं तिला वाटलं. तिने 'पूर्तता झाली' वर टिचकी मारली.

मी घरी ओटीवर खोका उघडून बसलो होतो. काय सुबक वस्तू! काळीशार, दोन बोटं रुंद, नव्या स्प्रिंगांसकट. तोच मोबाईल वाजला. संदेश होता: 'आपल्या मागणीची पूर्तता झाली आहे. आपण समाधानी आहात का? होय / नाही.' मी आनंदाच्या भरात 'होय' दाबलं. खाली अभिप्रायाची जागा होती. कुठलीही जागा कोरी सोडणं माझ्या स्वभावात नाही. मी लिहिलं: 'माल सुस्थितीत मिळाला. पॅकिंग उत्तम.'

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागलं की पलतडवाडीचा पूल आला. वाडीत ही बातमी पोचायला जेवढा वेळ लागतो तेवढाच लागला, म्हणजे काहीच नाही. तात्या, काकी, पोरंबाळं, दोन कुत्रे, सगळे धावत व्हाळावर गेले. व्हाळावर जुनेच दोन सोट होते आणि त्यांवर एक बगळा. मग सगळे माझ्या अंगणात आले.

"जितू, पूल इलो म्हणतत. खंय आसा?" तात्यांनी विचारलं.

माझ्या हातात ब्रिज होता. मी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा हातातल्या वस्तूकडे, आणि कालचा तो संदेश माझ्या डोळ्यांपुढे अक्षरन् अक्षर उभा राहिला. पायाखालची वाळू सरकणं म्हणजे काय ते आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांना नव्याने सांगावं लागत नाही. मी सगळं सांगितलं. लपवणार तरी काय?

 शेवंती काकींनी तो ब्रिज तळहातावर घेतला, उलटा केला, सुलटा केला. "ह्येच्यावरसून मुंगी तरी जायत काय रे?"

"शिरा पडली तुझ्या त्या होयार!" तात्या कडाडले. "अकरा वर्सांचो पूल खाल्लंस तू!"

घोळक्यात मागे बाबली मेस्त्री उभे होते. पंच्याहत्तरीचे सुतार, दरवर्षी साकव तेच बांधतात.  पान थुंकून निघून गेले. ते मला तात्यांच्या शिवीपेक्षा जास्त लागलं.

माणसं पांगल्यावर अनुजा दारात आली. "तुमका मान डोलवची सवयच आसा," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "कोणी काय इचारल्यान की होय. आधी वाडीचो पूल परत उघडा. तो उघडलो तर गाणा."

मी त्याच दिवशी रजा टाकून तालुक्याच्या कचेरीत गेलो. साहेबांनी माझी फाईल काढली. माझेच त्रेचाळीस अर्ज, आणि त्यावर लाल शाईत 'निकाली'.

"पूल मिळाला असं तुम्हीच कळवलंय," साहेब म्हणाले. "वर, पॅकिंग उत्तम."

"साहेब, तो गिटारीचा ब्रिज आहे."

त्यांनी स्क्रीनवर शोधलं. "इथे रस्त्यावरचा, ओढ्यावरचा आणि खाडीवरचा, असे तीनच प्रकार आहेत. गिटारीवरचा नाही."

"मग प्रकरण पुन्हा उघडता येणार नाही?"

"येईल की. प्राप्त झालेला पूल निरुपयोगी आहे असा पंचनामा करून आणा, आणि पूल कार्यालयात जमा करा."

"जमा? म्हणजे परत मिळणार नाही?"

"नवा पूल होईपर्यंत फाईलला राहील."

बाहेरच्या बाकावर मी खोका मांडीवर घेऊन अर्धा तास बसलो. खोटं कशाला बोलू, माझा जीव होत नव्हता. कार्यक्रम चार दिवसांवर आला होता. दुसरा ब्रिज मागवला तरी वेळेत पोचणार नव्हता. हा दिला तर पुन्हा तीच खिळखिळी गिटार, पुन्हा तोच हलता सूर, आणि पुन्हा अनुजा सगळ्यांसमोर. न दिला तर पूल गेला, आणि गाणंही गेलं. कुठूनही विचार केला तरी मीच गाढव ठरत होतो. शेवटी उठलो आणि पंचनामा करायला घरी आलो.

तो पंचनामा ही माझ्या लेखणीची सर्वोत्तम कृती आहे, असं मी नम्रपणे म्हणतो. 'सदर पुलाची लांबी नऊ सेंटिमीटर असून रंग काळा आहे. सदर पुलावरून पादचारी, गुरे अथवा दुचाकी जाऊ शकत नाही, असे पंचांचे एकमत झाले.' पंच म्हणून तात्यांनी सही केली आणि काकींनी अंगठ्याचा हट्ट सोडून चक्क सही केली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी ब्रिजला लाखेचं सील मारलं आणि सुतळीने फाईलला बांधला. माझा नवाकोरा ब्रिज अजून त्या कपाटात आहे. मी कधी कामाला गेलो तर त्याच्याकडे बघून येतो.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी मी अंगणात जुनी गिटार घेऊन बसलो होतो. एक तार लावावी, पाच उतराव्यात. डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी होतं. तेवढ्यात बाबली मेस्त्री हत्यारांची पिशवी घेऊन आले आणि न विचारता समोर बसले.

"ह्यो काय करता?" त्यांनी ब्रिजवर बोट ठेवलं.

"तरंगतो, मेस्त्रीनू. तो हलण्यासाठीच केलेला असतो."

"हलता?" त्यांनी बोटाने दाबून पाहिलं. "हलता तो पूल न्हय. तो झोपाळो."

आम्ही बावीस वर्षांचा आणि पंधरा दिवसांचा जो गुंता करून ठेवला होता, तो त्या माणसाने एका वाक्यात सोडवला. त्यांनी गिटार उपडी केली. ब्रिजचा जाड लोखंडी ठोकळा आत पोटात उतरतो, त्याच्या पुढे आणि मागे थोडी मोकळी जागा असते. मेस्त्रींनी पिशवीतून फणसाच्या लाकडाचा एक काळपट तुकडा काढला.

"गेल्या वर्साच्या साकवाची पाचर. वाहून जाताना एवढीच गावली." त्यांनी तासून तिच्या दोन केल्या. "एक हयसून, एक थयसून." लाकडी हातोडीने दोन टिचक्या मारल्या. "आता वाजय."

मी एक तार चढवली. बाकीच्या पाच जागच्या जागी! दुसरी चढवली. कुणाचं तोंड उतरलं नाही. तार जोरात ओढून सोडली, सूर जिथल्या तिथे परत. मला मेस्त्रींच्या पाया पडावंसं वाटलं, आणि मी पडलोच.

"दांडो काढून ठेव," ते उठता उठता म्हणाले. "नायतर हात शिवशिवतलो."

संध्याकाळी मोबाईलवर संदेश आला: 'आपले प्रकरण पुन्हा उघडण्यात आले आहे. आपण समाधानी आहात का?' मी मोबाईल दोन बोटांत धरून, विंचू धरावा तसा, अनुजाकडे नेला. तिने वाचला, 'नाही' दाबलं आणि म्हणाली, "कपाटातली हिरवी साडी काढून ठेवा."

दुसऱ्या दिवशी देवळापुढे सारी वाडी जमली. कार्यक्रमाआधी गाऱ्हाणं असतं. वाडीतलं वडील माणूस देवापुढे सगळ्यांच्या वतीने बोलतं, आणि प्रत्येक मागणीला जमलेली माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणून एका आवाजात होकार देतात. आमच्यात तो मान बाबली मेस्त्रींचा. मी गिटार गळ्यात अडकवून, अनुजा माइकपाशी, आम्ही बाजूला उभे होतो.

"बा देवा म्हाराजा, आज ही पलतडवाडीची लेकरा तुझ्या पायाशी जमली आसत..."

"व्हय म्हाराजा!"

"अकरा वर्सां आमी पूल मागतंव. तो कागदार इलो नि कागदारच गेलो. तो आता व्हाळार येवंदे..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्या जितूच्या हातसून काय चूकभूल झाली असात, तर ती पोटात घाल..."

"व्हय म्हाराजा!" हा होकार सगळ्यांत मोठा आला, याची मी नोंद घेतली.

मेस्त्री संपवणार एवढ्यात माझा हात वर गेला. कसा गेला मला माहीत नाही. गाऱ्हाण्यात कुणी मध्ये बोलत नाही, पण मी बोललो, आणि कधी नव्हे ते कचेरीची भाषा सोडून बोललो. "म्हाराजा, माझी आणखी एक चूक आसा. बावीस वर्सांआधी कणकवलेक सूर हललो, तो अनुजाचो न्हय. माझी गिटार उतरलेली. माका तेव्हाच कळलेला, नि मी गप रवलंय."

 ह्याला होकार द्यायचा की नाही, हे कुणालाच कळेना. तात्या काकींकडे बघायला लागले, काकी मेस्त्रींकडे.  आयुष्यात एवढ्या माणसांसमोर एवढा उघडा मी कधी पडलो नव्हतो.

मग माइकमधून एकच आवाज आला. अनुजाचा. सावकाश, एकेक अक्षर.

"व्हय म्हाराजा."

आणि पाठोपाठ सगळी वाडी गरजली. तात्यांनी तर दोनदा म्हटलं.

"सूर द्या," अनुजा माझ्याकडे न बघता म्हणाली. मी दिला. ती गायली. मी साथ कशी केली ते आठवत नाही. फक्त एक आठवतं, गिटारीच्या पोटातली फणसाची पाचर जागची हलली नाही, आणि अनुजाचा सूर तर तेव्हाही हलला नव्हता.

गाणं संपल्यावर शेवंती काकी पदराने डोळे पुसत पुढे आल्या आणि तिचे दोन्ही हात धरले. "बाय गो, असो गळो घेवन इतकी वर्सां खंय होतंस?"

"ह्यांका इचारा," अनुजा म्हणाली, आणि गिटारीची वायर गुंडाळायला खाली वाकली.